काचा धुण्याच्या व्हॅनसाठी गॅस गीझर: १० लिटरचा घ्यावा की ६ लिटरचा?

स्वच्छनितळ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून काचा धुण्याचं काम करतो. व्हॅनमध्ये ५०० लिटरची टाकी, १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप (आतला रबरी पडदा हलवून पाणी ढकलणारा), त्याचा वेग कमी-जास्त करणारा कंट्रोलर, रीलवर १०० मीटर नळी (आतला व्यास ८ मिलिमीटर) आणि पोलच्या, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या लांब दांड्याच्या, टोकाला ब्रश. पाणी आरओ आणि रेझिनमधून (उरलेले क्षार शोषणारे दाणे) गाळलेलं, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य. जमिनीवर उभं राहून तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या काचा होतात.

आजवर थंड पाण्यावरच भागवलं. गेल्या हिवाळ्यात मात्र हाल झाले. सकाळी नळी तारेसारखी ताठ, रीलवरून उलगडताना मनगट भरून यायचं. बोटं इतकी बधिर व्हायची की पोलचा क्लॅम्प दाबला की नाही ते बघून ठरवावं लागायचं. त्यात एका इमारतीचं पहिल्यांदाच धुणं होतं. स्वयंपाकघराच्या धुराड्याच्या बरोबर वर असलेल्या चार काचांवर चिकट तेलकट थर होता. त्या चार काचांना जेवढा वेळ गेला तेवढ्यात बाकीचा अख्खा मजला झाला.

म्हणून यंदा गॅस गीझर बसवायचा ठरवलंय. ६, १०, १२, १६ लिटर असे प्रकार दिसतात. मला वाटतं १० चा घ्यावा आणि आच बारीक ठेवून चालवावा, म्हणजे गीझरवर ताण येणार नाही. पुढे दुसरा पोल जोडला तरी पुरेल. बरोबर आहे का? आणि व्हॅनमध्ये नेमका कुठे बसवावा? ज्यांनी बसवलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

दवबिंदू

आधी एक विचारतो, राग मानू नका. तुमचं दर महिन्याचं ठरलेलं काम किती आणि पहिल्यांदाचं धुणं किती? ज्या काचा महिन्या-दोन महिन्यांनी होतात त्यांना थंड शुद्ध पाणी पुरतं. गेली नऊ वर्षं मी तसंच करतोय, डाग राहत नाहीत. काच सुकल्यावर डाग पडतो तो पाण्यातल्या क्षारांमुळे. क्षारच नसतील तर पाणी थंड असो की गरम, काच कोरी सुकते.

गरम पाण्याचा खरा उपयोग तेलकट थर, पक्ष्यांची वाळलेली विष्ठा आणि कोळ्यांचे ते बारीक काळे ठिपके यांच्यावर होतो, हे मलाही मान्य आहे. तेवढ्यासाठी गॅस, धूर, परवानगी, विमा हे सगळं व्हॅनमध्ये आणायचं का, ते मात्र नीट ठरवा.

स्वच्छनितळ (धागाकर्ता)

राग कसला, रास्त प्रश्न आहे. पहिल्यांदाचं धुणं साधारण एक तृतीयांश असेल. पण दवबिंदू, माझ्यासाठी हातांचा प्रश्नही तितकाच मोठा आहे. भावाला थंडीत बोटं पांढरी पडण्याचा त्रास आहे. नळी कोमट राहिली तरी त्याचं निम्मं दुखणं कमी होईल.

नळजोड

स्वच्छनितळ, "१० चा घेऊन आच बारीक ठेवावी" हा विचार इथे उलटा पडतो. मीही तेच केलं होतं आणि दोन महिन्यांत तो गीझर काढला. सविस्तर लिहितो.

खोक्यावरचा लिटरचा आकडा म्हणजे बहुतेक वेळा एका मिनिटात तेवढं पाणी २५ अंशांनी तापवण्याची ताकद. १० लिटर म्हणजे पाण्याला मिळणारी सुमारे साडेसतरा किलोवॅट उष्णता. न्हाणीघरात नळ पूर्ण सोडून अंघोळ करणाऱ्यासाठी ते ठीक. पण आपल्या ब्रशमधून मिनिटाला किती पाणी पडतं? दीड, फार तर दोन लिटर.

हिशोबाला एक सोपं सूत्र ठेवा: किलोवॅट गुणिले १४.३, भागिले मिनिटाचे लिटर, की तापमान किती अंश चढेल ते निघतं.

खोक्यावर जे मोठ्या अक्षरात नसतं ते बघायचं. मागच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत दोन आकडे असतात: पेट घ्यायला लागणारा किमान प्रवाह, आणि बर्नर सगळ्यात बारीक असताना मिळणारी किमान उष्णता. माझ्या १० लिटरवाल्याचा किमान प्रवाह २.५ लिटर होता. ब्रशला १.८ जात होतं, त्यामुळे तो पेटायचाच नाही. पंप वाढवून पेटवला की ब्रशमधून पाणी उडायचं आणि टाकी दुपारीच रिकामी. नंतर लक्षात आलं की तो कमी प्रवाहावर पेटत नव्हता हेच बरं होतं. त्याची बारीकात बारीक आच ७ किलोवॅटची. ७ गुणिले १४.३ भागिले १.८, म्हणजे ५५ अंशांची वाढ. टाकीतलं पाणी १२ अंशांवर असेल तर गीझरमधून ६७ अंशांचं बाहेर पडणार. नळीचे जोड, पोलचा गोंद आणि हात, तिन्ही गोष्टींना ते नको.

तेव्हा आधी बादली घ्या. १०० मीटर नळी पूर्ण जोडून, पोल ज्या उंचीला नेहमी असतो त्या उंचीला धरून, कंट्रोलर रोजच्या आकड्यावर ठेवून १० लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. तो आकडा इथे टाका, मग गीझरचं बोलू.

उंचझोका

+१ नळजोड. आमच्याकडेही हेच झालं. फरक एवढाच की आमचा गीझर पेटायचा आणि विझायचा, पेटायचा आणि विझायचा. दिवसभर व्हॅनमधून टक-टक-टक, फप्प.

निळीज्योत

मी गॅस जोडणीचं काम करते. घरातल्या जोडण्या जास्त, पण फिरत्या वाहनांचीही बरीच कामं केली आहेत. नळजोड यांनी पाण्याचा हिशोब चोख मांडला आहे, तो पुन्हा लिहीत नाही. मी हवेबद्दल आणि धुराबद्दल लिहिते, कारण धागाकर्त्यांचा दुसरा प्रश्न "कुठे बसवावा" हा आहे आणि माझ्या मते लिटरच्या आधी तो सुटायला हवा.

बाजारात ढोबळमानाने तीन जातीचे गीझर दिसतील.

पहिला, बाहेर टांगायचा, हँडल असलेला, शिबिरासाठीचा. स्वस्त, हलका, दोन सेलवर ठिणगी पडते. त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं की हा फक्त उघड्यावर वापरायचा. मागचं दार उघडं असलं तरी व्हॅन म्हणजे उघडी जागा नाही.

दुसरा, न्हाणीघराच्या भिंतीवरचा. हा ज्या खोलीत असतो तिथलीच हवा घेतो आणि धूर वरच्या नळकांड्यातून आपोआप बाहेर जाईल या भरवशावर चालतो. घरात नळकांडं उंच असतं म्हणून धूर ओढला जातो. व्हॅनच्या छतावर फूटभर नळकांडं काढून ती ओढ मिळत नाही. वारा उलटा आला की धूर आत. शिवाय रस्त्यावरच्या धक्क्यांनी आतले जोड सैल होतात, हे गीझर त्यासाठी घडवलेलेच नाहीत.

तिसरा, बंद कोठडीचा. याचं ज्वलन एका सीलबंद डब्यात होतं. हवा बाहेरून येते आणि धूर बाहेर जातो, दोन्ही एकाच झाकणातून, मध्ये पंखा. गाडीच्या आतल्या हवेशी त्याचा संबंध येत नाही. फिरत्या घरांसाठी बाजूच्या पत्र्यात बसणारे असे गीझर मिळतात, १२ व्होल्टवर चालतात आणि पाणी कमी-जास्त झालं की आच आपोआप कमी-जास्त करतात. महाग असतात. व्हॅनच्या आत बसवायचा असेल तर माझ्याकडून फक्त याच जातीला होकार आहे.

१ किलो प्रोपेन (सिलिंडरमधला गॅस) नीट जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. मधल्या आकाराच्या व्हॅनचा मागचा भाग ८ घनमीटरच्या आसपास, त्यातही टाकीने जागा अडवलेली. बंद व्हॅनमध्ये उघडा बर्नर पेटवला तर तो काही वेळातच आपल्याच धुरात जळू लागतो, आणि ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो.

धुकंवारा

निळीज्योत ताईंनी लिहिलंय म्हणून मी माझा अनुभव लिहितो. आजवर कुठे लिहिला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी आम्ही तो हँडलवाला गीझर मागच्या दाराच्या आतल्या बाजूला हुकवर टांगून वापरायचो. दार उघडं ठेवायचो, म्हणून बिनधास्त होतो. त्या दिवशी पाऊस आडवा येत होता. गीझरवर पाणी येऊ नये म्हणून साथीदाराने एक दार लावलं आणि दुसरं दोरीने अर्धवट ओढून घेतलं. तो पोल घेऊन इमारतीच्या मागे गेला. मी आत पालथ्या बादलीवर बसून रेझिनची बाटली बदलत होतो.

आधी डोकं जड झालं. वाटलं सर्दी. मग बाटलीच्या झाकणाचे आटे काही केल्या जुळेनात. ते झाकण मला आजही दिसतं. मी ते फिरवतोय, ते तिरकं बसतंय, मी पुन्हा काढतोय, आणि आपल्याला हे का जमत नाही असा विचारही मनात येत नव्हता. उठायला गेलो तर गुडघ्यात जोर नाही. साथीदार नळी अडकली म्हणून योगायोगाने परत आला आणि त्याने मला ओढून बाहेर काढलं. रुग्णालयात रक्त तपासलं, ऑक्सिजन लावला, रात्रभर ठेवून घेतलं.

गीझरमध्ये काही बिघाड नव्हता. सगळं व्यवस्थित चालू होतं, तेव्हाच हे झालं.

स्वच्छनितळ, तुमच्या भावासाठी तुम्ही हे करताय. कृपा करून तो स्वस्तातला हँडलवाला आत टांगू नका, एका दिवसापुरतासुद्धा नको.

स्वच्छनितळ (धागाकर्ता)

धुकंवारा, वाचून बसूनच राहिलो. खरं सांगतो, हँडलवाला माझ्या यादीत होता. काढला. भावालाही हा प्रतिसाद वाचायला दिला.

नळजोड, बादलीचा आकडा: साडेपाच मिनिटांत १० लिटर. म्हणजे मिनिटाला साधारण १.८.

नळजोड

म्हणजे माझ्याइतकाच. आता उलटा हिशोब करा. थंडीत टाकीचं पाणी १२ अंश धरू. गीझरमधून ४५ बाहेर पडलं पाहिजे, म्हणजे ३३ अंशांची वाढ. ३३ गुणिले १.८ भागिले १४.३, उत्तर जवळजवळ ४.२ किलोवॅट. एका पोलला तुम्हाला खरी गरज एवढीच आहे. असा गीझर शोधा की ज्याची किमान उष्णता ४ किलोवॅटच्या आसपास आहे आणि जो दीड लिटरवर पेट घेतो. कमाल १० असली तरी दोन पोलना पुरून उरेल. ६ लिटरच्या वर जाण्याचं काहीच कारण नाही.

गॅसचंही सांगतो. ५०० लिटरची पूर्ण टाकी ३३ अंशांनी तापवायला सुमारे १९ युनिट उष्णता लागते. गीझरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर पावणेदोन किलो गॅस. तासाला चारशे ग्रॅमच्या आतच. १६ लिटरवाल्याला पूर्ण आचेवर तासाला अडीच किलोच्या वर गॅस लागतो. छोटा सिलिंडर तेवढा वायू देऊच शकत नाही. बाहेरून पांढरा होतो, आत दाब पडतो आणि ज्योत पिवळी लवलवायला लागते.

दवबिंदू

टाकीतच रात्रभर विजेची कॉइल लावून पाणी तापवण्याचा पर्याय कोणी बघितला का? नळजोड यांचेच १९ युनिट धरले तर ३ किलोवॅटच्या कॉइलला साडेसहा तास लागतील. रात्री लावायची, सकाळी काढायची. व्हॅनमध्ये ना गॅस ना धूर.

पाणीदार

दवबिंदू, मी ते दोन हिवाळे केलं. अडचणी दोन. टाकीला जाकीट नसेल तर दुपारपर्यंत पाणी निवतं, म्हणून सकाळी जास्त तापवावं लागतं. पण दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. टाकीत पाणी कोमट राहतं, २० ते ४५ अंशांच्या मध्ये, आणि लेजिओनेला नावाच्या जिवाणूला नेमकं तेच मानवतं. आपला ब्रश पाण्याचे बारीक तुषार उडवतो आणि ते आपण नाकावाटे घेतो. शुद्ध केलेल्या पाण्यात क्लोरीनही उरलेलं नसतं. सुट्टीच्या चार दिवसांत कोमट टाकी तशीच भरून ठेवणं मला पटेना. आता मी टाकी थंड ठेवतो आणि जेवढं लागेल तेवढंच जाता जाता तापवतो. या बाबतीत चालू धारेचा गीझर उजवा.

उंचझोका

टक-टक-फप्पचं उत्तर आम्हाला पुढे सापडलं, ते इथे नोंदवतो. खूप जणांना उपयोगी पडेल.

डायफ्रॅम पंपाची धार सलग नसते, ती ठोके देत येते. त्यात कंट्रोलर कमी आकड्यावर ठेवला की तो पंपाला वीज तुकड्या-तुकड्याने देतो, म्हणजे ठोके आणखी ठळक. गीझरमधला प्रवाह मोजणारा खटका त्या प्रत्येक ठोक्याला "पाणी आलं, पाणी गेलं" असं समजतो. पंप आणि गीझरच्या मध्ये एक छोटा ॲक्युम्युलेटर बसवला, लिटरभराचा, आत रबरी फुगा असलेला. धार सलग झाली, ज्योत स्थिर झाली. एवढंच.

गीझरच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती महिन्यातून एकदा काढून धुवा. आमची रेझिनच्या बारीक दाण्यांनी अर्धी भरली होती, म्हणून प्रवाह कमी दाखवत होता आणि आम्ही उगाच गीझरला दोष देत होतो.

स्वच्छनितळ (धागाकर्ता)

फार उपयोगी. ॲक्युम्युलेटर यादीत घेतला.

आणखी एक शंका. आम्ही पोलवरच पाणी बंद-चालू करतो, एका काचेवरून दुसरीकडे जाताना. पंप चालूच असतो, दाब भरला की कंट्रोलर तो थांबवतो. त्या वेळी गीझरचं काय होतं?

निळीज्योत

चांगला प्रश्न. बहुतेक जण हा बसवल्यानंतर विचारतात.

पाणी थांबलं की बर्नर विझतो, पण आतलं तांब्याचं वेटोळं तापलेलंच असतं. त्यात अडकलेलं थोडं पाणी त्या उष्णतेने आणखी तापतं. पुन्हा पोल उघडला की तो कढत घोट आधी निघतो, त्यामागे पेट घेईपर्यंतचं थंड पाणी, मग नेहमीचं. लांब नळीत ते बरंचसं मिसळून जातं, म्हणून तुम्हाला ब्रशपाशी फारसं जाणवणार नाही. पण गीझरला लागून असलेल्या पहिल्या मीटरभर नळीला आणि जोडांना ते सोसावं लागतं. तिथे साधी पीव्हीसी नळी नको, गरम पाण्यासाठीची घ्या. त्यापुढे ४५-४८ अंशांना लावलेला मिक्सिंग व्हॉल्व्ह (थंड पाणी मिसळून ठरलेलं तापमान राखणारा) बसवला तर फारच उत्तम.

आणि दाब. पोल बंद असताना पंप जिथे थांबतो तो पूर्ण दाब गीझरवर येतो. तुमचा पंप १०० पीएसआयला थांबत असेल तर ते जवळजवळ ७ बार झाले. काही फिरत्या घरांचे गीझर इतक्या दाबाचे नसतात. पाटीवरचा कमाल दाब वाचा आणि पंपाचा थांबण्याचा दाब त्याच्या खाली आणा.

जोडणीचा क्रम: टाकी, पंप, ॲक्युम्युलेटर, गीझर, मिक्सिंग व्हॉल्व्ह, रील. गाळणं सगळं गीझरच्या आधी. आरओचा पडदा साधारण ४५ अंशांच्या वर खराब होतो आणि रेझिनलाही गरम पाणी मानवत नाही.

पाणीदार

ताई, काही लोक गीझरमधून जास्तीचं पाणी परत टाकीत सोडतात ना? म्हणजे गीझरमधून ३ लिटर जातं, ब्रशला १.८ आणि बाकीचं टाकीत. किमान प्रवाहाचा प्रश्नच मिटतो, पोल बंद केला तरी गीझर चालू राहतो.

निळीज्योत

मिटतो, पण टाकी हळूहळू तापत जाते. मग गीझरला आत येणारं पाणीच ३० अंशांचं, वर त्याची किमान आच, म्हणजे बाहेर जाणारं पाणी प्रमाणाबाहेर गरम. पंपाचा रबरी पडदाही गरम पाण्याने लवकर जातो. शिवाय तुम्हीच वर लिहिलेला कोमट टाकीचा प्रश्न परत दारात. योग्य आकाराचा गीझर घेतला तर ही कसरत लागत नाही.

आता सिलिंडरबद्दल, ते राहिलं होतं. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. गळती झाली की वायू खाली उतरून तळाशी साचतो. हवेत २.१ टक्के प्रोपेन झाला की मिश्रण पेट घेऊ शकतं. ८ घनमीटरच्या व्हॅनचा हिशोब केला तर तीनशे ग्रॅम गॅस संपूर्ण व्हॅन पेटण्याजोगी करायला पुरतो, आणि तळाशी साचत असल्यामुळे त्याहून कितीतरी कमी गॅसमध्येही धोका आहे. म्हणून सिलिंडर स्वतंत्र बंद कप्प्यात, कप्प्याच्या तळाला थेट गाडीखाली उघडणारं भोक, आणि ते भोक कधी बोळा कोंबून किंवा सामान ठेवून बुजवायचं नाही. सिलिंडर उभाच, पट्ट्याने आवळलेला. आडवा झाला तर वायूऐवजी द्रव गॅस बर्नरकडे जातो. गाडी चालू करण्याआधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, दर वेळी.

ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, म्हणजे कडक थंडीत त्याचा वायूच होत नाही. प्रोपेन उणे ४२ ला. हिवाळ्यासाठीच करताय तर प्रोपेन घ्या आणि रेग्युलेटर गीझरच्या पाटीवर दिलेल्या दाबाचाच घ्या.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बंद कोठडीचा गीझर असला तरी हवाच. घरातला नको. ईएन ५०२९१ या मानकाचा भाग २ फिरत्या वाहनांसाठी आणि बोटींसाठी आहे, तो छापलेला घ्या. आणि जोडणी परवानाधारक माणसाकडून करून तिचा कागद घ्या, विमा कंपनीला आधी कळवा.

काचपारखी

गरम पाण्याच्या उत्साहात काच विसरू नका. साध्या काचेच्या दोन भागांत ४० अंशांच्या आसपास फरक पडला तर ती तडकू शकते. गोठवणाऱ्या सकाळी सावलीतल्या काचेवर ६० अंशांची धार सोडली तर नेमकं तेच होणार. कडा कपचलेली, आधीच बारीक चीर असलेली किंवा आत तारेची जाळी असलेली काच असेल तर त्या काचेपुरता गीझर बंदच ठेवा. टफन्ड (तापवून मजबूत केलेल्या) काचेला भीती कमी, पण खालून बघून कोणती काच टफन्ड आहे ते कळत नाही. ब्रशपाशी ३५-४० पुष्कळ झाले. तेलकट थर तेवढ्यावर सुटतो.

स्वच्छनितळ (धागाकर्ता)

मंडळी, पाच आठवड्यांनी परत येतोय. गीझर बसला.

बाजूच्या पत्र्यात बसणारा बंद कोठडीचा घेतला. पाटीवर ४ ते १०.५ किलोवॅट, दीड लिटरवर पेट घेतो. लिटरमध्ये बघितला तर ६ चाच. जोडणी परवानाधारक माणसाकडून केली. त्याने सिलिंडरच्या कप्प्याचं तळाचं भोक मी काढलं होतं त्याहून मोठं करायला लावलं आणि साबणाच्या फेसाने प्रत्येक जोड माझ्यासमोर तपासला.

काल सकाळी बाहेर ८ अंश असताना मोजलं. गीझरमधून ४४, नळीच्या १०० मीटरनंतर ब्रशपाशी ३६. पाणी गरम यायला जवळजवळ तीन मिनिटं लागतात, कारण नळीत आधीचं ५ लिटर थंड पाणी असतं. ६ मिलिमीटरची नळी असती तर तेच ३ लिटरच्या आत आलं असतं, पुढची नळी तीच घेईन.

त्या धुराड्यावरच्या चार काचा याच आठवड्यात पुन्हा केल्या. पहिल्या फटक्याला ब्रशखालून पिवळट ओघळ निघाले, मी थांबून बघतच राहिलो. गेल्या वेळी तो थर नुसता इकडून तिकडे पसरत होता.

एक विचारायचं राहिलं. रात्री गोठायला लागलं तर गीझरमधलं पाणी काढायचं का, की व्हॅनमध्ये छोटा हीटर लावून ठेवला तरी चालेल?

नळजोड

काढायचंच. आतलं तांब्याचं वेटोळं पातळ असतं, एका रात्रीत फुटतं. माझं फुटलं तेव्हा सकाळी काही दिसलं नाही. पेटवल्यावर बर्नरवर थेंब पडून चुरचुरायला लागलं तेव्हा कळलं. बाजूने लांबट चीर गेली होती, नखाएवढी.

गीझरच्या खाली पाणी सोडायचा स्क्रू असतो तो काढा, पोलचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा म्हणजे आत हवा शिरेल, आणि जाळीच्या कपातलं पाणीही ओता. तिथे घोटभर उरतं आणि तेच गोठून कप तडकतो. सकाळी स्क्रू लावायच्या आधी त्याचा रबरी वॉशर जागेवर आहे ना ते बघा. आणि पहिलं पेलाभर पाणी काचेवर न टाकता सोडून द्या. रात्रभर तांब्यात उरलेलं थोडं शुद्ध पाणी माझ्या टीडीएस मीटरवर २-३ दाखवतं, मिनिटभरात शून्यावर येतं.

धुकंवारा

स्वच्छनितळ, फार बरं वाटलं वाचून. भावाची बोटं कशी आहेत?

स्वच्छनितळ (धागाकर्ता)

नळजोड, आज रात्रीपासून स्क्रू काढतोच.

धुकंवारा, मधल्या सुट्टीत आता तो नळी हातात गुंडाळून बसतो. काल दिवसभरात एकदाही बोटं पांढरी पडली नाहीत. अलार्म त्याच्या बसण्याच्या जागेच्या वर, डोक्याच्या उंचीला लावलाय. रोज सकाळी टेस्टचं बटण तोच दाबतो.